चोंबडीची साक्ष

चोंबडी बोंबलली तेव्हा मी आमच्या गिधाड केंद्राच्या पडवीत बसून भाकरीबरोबर सुकट खात होते. स्क्रीनवरचा आकडा लाल झाला होता आणि त्याच्याखाली नाव होतं, नवरी. ताट तसंच टाकून मी मोटारसायकलला लाथ मारली. शिव्या कोणाला द्यायच्या ते ठरत नव्हतं, म्हणून वाटेत सगळ्यांनाच दिल्या.

चोंबडी हे आमच्या वेळशेतच्या लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदात ती 'शिसेमापक कडी'. करंगळीच्या नखाएवढी असते, गिधाडाच्या पंखाखाली कातडीत बसवायची. पक्ष्याच्या रक्तात शिसं किती आहे ते ती उपग्रहाला सांगते आणि उपग्रह मला सांगतो. एवढ्यावर थांबली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. पण बाई पुढचंही सांगते: शिसं कोणाचं.

त्याचं असं आहे. सगळं शिसं एकसारखं नसतं. त्याच्या अणूंमध्ये चार भाऊ असतात, कोणी हलका, कोणी जड, आणि प्रत्येक खाणीतल्या शिशात या चौघांचं प्रमाण वेगळं पडतं. मग ते शिसं वितळवा, कुटा, बंदुकीत भरा नाहीतर गिळून टाका, प्रमाण काही बदलत नाही. गिधाडाच्या रक्तातही ते जसंच्या तसं उतरतं. कडी ते मोजते आणि सरकारी नमुनापेढीतल्या कोणाच्या शिशाशी जुळतं ते शोधते. 'मेलेलं गिधाड मारेकऱ्याचं नाव सांगतं' असं वर्तमानपत्रांनी छापलं आणि पुढच्या अधिवेशनात कायदाच झाला. ज्याचं शिसं, तो गुन्हेगार.

आमच्याकडे तीन गिधाडं मेली होती. तिन्ही वेळा कडीने एकच नाव सांगितलं होतं: काशीराम मांडवकर, राहणार आंबेकोंड, परवान्याची ठासणीची बंदूक.

आंबेकोंड म्हणजे आमच्या डोक्यावर डोंगरात वसलेलं कुणब्यांचं गाव. आम्ही खालचे कोळी. रानडुकरं भात उकरतात म्हणून काशीकाकांकडे बंदूक. माझे बाबा हिराजी चोगले, गावाचे हिराजी नाखवा, आणि काशीकाका यांची मैत्री माझ्या जन्माआधीची. वरून तांदूळ खाली यायचा, खालून सुके बोंबील वर जायचे. गिधाडं नाहीशी व्हायला लागली तेव्हा या दोघांनीच मधल्या माळावर त्यांना जेवण घालायला सुरुवात केली. मेलेली गुरं काशीकाकांनी पाठवायची, राखण बाबांनी करायची. होडी विकली, आई गेली, आणि त्यानंतर बाबा माणसांपेक्षा गिधाडांशीच जास्त बोलायला लागले. नवरी हे नावही त्यांचंच. गळ्याभोवतीची पांढरी पिसं ती सारखी नीट करायची म्हणून.

तर आता उद्या शिसे-चौकशी मंडळापुढे काशीकाकांना उभं करायचं होतं. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग. कायद्याला साक्षीदार लागत नाही, पण मंडळाला आवडतो. आणि साक्षीदार होते माझे बाबा.

नवरी माळाच्या कडेला करवंदीच्या जाळीत सापडली. पंख लोंबलेले, मान खाली, गळ्याखालची थैली भरलेली पण हलत नव्हती. शिसं नसांत भिनलं की अन्न पुढे सरकतच नाही. पोट भरलेलं दिसतं आणि पक्षी उपाशी मरतो. मी तिला पोत्यात गुंडाळून केंद्रात आणलं. वाडीतल्या उंच माडावर तिचं पिल्लू होतं, नुकती पिसं फुटलेलं. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर त्या वर्षी जगलेलं तेवढं एकच.

आणल्या आणल्या तिचा एक्स-रे काढला. शिसं असलं की त्यात पांढराफेक ठिपका उठतो. आधीच्या तिघींच्या पोटात काहीच सापडलं नव्हतं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल हाडं विरघळवतं, तिथे छऱ्याची काय कथा! नवरीच्या पोटात मात्र ठिपका होता. मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. ठिपक्याच्या मधोमध काळं टिंब होतं, म्हणजे आरपार भोक. छऱ्याला भोक नसतं.

नळी घालून मी तिचं पोट धुतलं. हाडांचे तुकडे निघाले, केस निघाले, आणि शेवटी तो निघाला. शिशाचा मणी. अर्धाअधिक झिजलेला, आणि भोकात हिरव्या नायलॉनचा धागा अजून अडकलेला.

तो कुठला ते मला कोणाला विचारावं लागलं नाही. असे मणी लहानपणी मी गजग्यांसारखे खेळले होते. पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या, जाळ्याच्या काठाला ते ओवतात, जाळं तळाशी बसावं म्हणून. आणि बाबा आपली जुनी जाळी माळावर वापरायचे. संध्याकाळी मेलेल्या गुरावर जाळं पसरायचं, म्हणजे कुत्री-कोल्ही ते ओढून झाडीत नेत नाहीत. झाडीत गिधाड उतरत नाही. सकाळी जाळं काढलं की पंगत सुरू. आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ही युक्ती कौतुकाने दाखवायचो. मी स्वतः दाखवायचे!

रात्रभर कुत्री जाळं चावायची आणि मणी सुटून हाडांत पडायचे. खाऱ्या हवेत शिशावर पांढरा थर चढतो. घरट्यात पिल्लू असलं की मादी हाडांचे बारके तुकडे शोधत फिरते, पिल्लाची हाडं धरावीत म्हणून. नवरीने तो मणी हाड समजून उचलला होता.

मग कडीने काशीकाकांचं नाव का घेतलं? कारण काशीकाका छरे स्वतः ओततात, आणि त्यासाठी शिसं त्यांना बाबाच देतात, जुन्या जाळ्यांचं. शिसं एकच. नमुनापेढीत मात्र फक्त बंदूकवाल्यांचे नमुने होते. जाळं म्हणजे हत्यार नव्हे, त्यामुळे कोळ्यांकडे नमुना कोणी मागितलाच नाही. चोंबडी शिसं ओळखते, हात ओळखत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर माझा बाप.

शिशाला रक्तात पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं, ते मी नवरीला टोचलं. उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत ती गेली. मी तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडले.

घरी आले तर बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेले. सुटलेल्या मण्यांच्या जागी नवे मणी ओवत होते आणि प्रत्येक मणी दातात धरून चेपत होते.

"आधी तोंडातून काढा ते!" मी ओरडले.

"काय झालं गो?"

"नवरी गेली."

त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाले, "काशाला आता सोडणार नाय मी. बंदुकीनं मारलेलं डुक्कर आणलं होतं त्यानं माळावर, या डोळ्यांनी बघितलंय."

"आणि तुम्ही ते परत पाठवलंत. ते सांगणार का उद्या?"

"विचारलं तर सांगेन."

मला असा संताप आला! खिशातला मणी काढून मी त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हा तिच्या पोटातून निघालाय."

बाबांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, धागा बघितला. "काशाकडचा असंल. माझंच शिसं असतं त्याच्याकडं."

"काशीकाका बंदुकीत मणी भरतात? दोऱ्यात ओवून?"

"तू कोणाची पोर हायस गो?" ते एकदम उसळले. "उभा जन्म शिसं दातानं चेपलं मी. मला काय झालं?"

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हल्ली चहाची कपबशी धरली की ती वाजायची. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. त्यांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.

"खाडीत टाक तो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नवरी तर गेलीच. जाळं मी उद्यापासून नाय वापरणार, मण्यांना हात नाय लावणार. पण हे बाहेर पडलं तर माळ बंद करतील. मग बाकीच्यांना खायला कोण घालणार? तुझं सरकार? पिल्लाचं काय?"

खरं सांगते, त्यात चूक काहीच नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण वर डोंगरात एक माणूस उद्याच्या तुरुंगासाठी पिशवी भरत असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"मी उद्या दाखवणार," मी म्हणाले.

"मग माझ्याशी बोलू नको."

आणि ते खरंच बोलले नाहीत. सकाळी एकाच एस.टी.त बसून तालुक्याला गेलो, ते पुढच्या सीटवर, मी मागच्या.

मंडळाच्या अध्यक्ष निमकर मॅडम सरळ बाई. वाईट नाहीत, पण नियमाच्या पुस्तकाबाहेर त्यांना जग दिसत नाही. काशीकाका इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात उभे होते. बाबांकडे त्यांनी बघितलं नाही. मी मणी टेबलावर ठेवला, एक्स-रे लावला आणि जे होतं ते सांगितलं. खोलीत कुजबुज सुरू झाली.

"हे जाळं कोणाचं?" मॅडमनी विचारलं.

इतकं सगळं घडाघडा बोलले होते, पण तेवढे दोन शब्द निघेनात.

"माझं," बाबा उठून म्हणाले. "डुक्कर काशीरामनं आणलं होतं. मी नको म्हटलं, त्यानं परत नेलं. त्याचा काय संबंध नाय. पाखरं मी मारली."

शेवटचं इतकं हळू म्हणाले की मॅडमनी पुन्हा विचारलं. बाबांना ते पुन्हा म्हणावं लागलं. तेव्हा मला वाटलं, तो मणी मी खाडीत टाकला असता तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं कायद्याने झालं. काशीकाका सुटले, आरोपी म्हणून बाबांचं नाव चढलं, जामीन मिळाला तो माळावर पाऊल न टाकण्याच्या अटीवर. आणि माळ हे गुन्ह्याचं ठिकाण, म्हणून निकाल लागेपर्यंत सील. कडीची चालक मी, त्यामुळे सीलच्या कागदावर सही माझीच लागली.

"मॅडम, माळ बंद करू नका," मी अक्षरशः हात जोडले. "जाळं काढलं की विषय संपला. पाखरं खाणार काय?"

"तशी तरतूद नाही, हेमांगी."

बाहेर काशीकाका माझ्याजवळ थांबले. बाबा चार पावलांवर उभे होते. "तुझ्या बापाला सांग," काका म्हणाले, "तीन वेळा पोलीस आले माझ्या दारात. एकदा तरी वर येऊन विचारायचं व्हतंस, काशा, तू केलंस काय? येवढंच." आणि ते निघून गेले.

गिधाडं दोन-तीन दिवस माळावर घिरट्या घालत राहिली. मग स्क्रीनवरचे ठिपके पूर्वेला सरकायला लागले. कुठे चाललीत ते कळायला वेळ लागला नाही. शहराबाहेरचं डम्पिंग ग्राउंड, आणि त्याला लागूनच जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेड. बॅटरीत शिसं किती असतं ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आकडे हिरव्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे नारिंगी. या वेळी चोंबडी कोणाचंच नाव घेत नव्हती. बॅटऱ्यांचं शिसं शंभर ठिकाणचं, शंभरदा वितळवलेलं. कोणाशी जुळणार?

नवरीचा जोडीदार सरदार, तोही तिकडेच जायचा आणि गळा भरून माडावर परत यायचा. पिल्लाला कडी नव्हती, त्यामुळे त्याचा आकडा मला कळत नव्हता. बापाचा कळत होता.

माळ उघडा, असे अर्ज मी केले. 'प्रकरण विचाराधीन आहे' असं छापील उत्तर आलं. फोन केले, भांडले, एकदा निमकर मॅडमच्या गाडीला आडवी उभी राहिले. काही उपयोग नाही. बाबा आता बोलत होते, पण रोज एकच प्रश्न. सरदारचा आकडा किती? मी खरा आकडा सांगायचे. ऐकून ते उठून माडाखाली जायचे आणि मान वर करून उभे राहायचे.

एक दिवस सकाळीच त्यांनी टोपी घातली आणि काठी घेतली.

"कुठे?"

"आंबेकोंडला. काशाचा म्हातारा बैल गेलाय. कोळणी सांगत होत्या."

"बाबा, जामीन मोडला तर तुम्हाला आत टाकतील."

"तू येतेस की मी एकटा जाऊ?"

काशीकाका ओटीवर बसले होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. काकूंनी पाणी आणून दिलं. बाबा ओटीच्या कडेला टेकले, काकांपासून हातभर अंतरावर. पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"काशाला सांग, बैल माळावर न्यायचाय."

"तुझ्या बापाला विचार, सील तोडलं तर काय होतं ते ठाव हाय काय?"

"सांग, ठाव हाय."

"आणि जाळं?"

"जाळं नाय. आयुष्यात नाय." बाबांचा आवाज फाटला. "सांग त्याला, मी वर यायला हवं होतं. तेव्हाच यायला हवं होतं. मला तोंड नव्हतं."

काशीकाका अंगणाकडे बघत मला म्हणाले, "जाळं नसंल तर कुत्र्यांना आवरायला दोन माणसं लागतील. एकानं व्हायचं नाय."

मी बैलाच्या काळजाचा तुकडा काढून पट्टी लावून पाहिली. गुरांना दिलेली वेदनाशामक औषधं गिधाडांना मारतात, पट्टी ती ओळखते. बैल स्वच्छ होता. काकांच्या पिकअपमध्ये घालून आम्ही तो माळावर नेला. सरकारची पिवळी फीत बाबांनी स्वतः कोयतीने कापली. मी कापते म्हटलं तर हात झटकला. "तुझी नोकरी हाय," म्हणाले. नोकरीचं काय होणार होतं ते मला त्या क्षणी पुरेपूर माहीत होतं, पण वाद घातला नाही.

सील केलेल्या जागी कडीवाला पक्षी उतरला की खबर आपोआप मंडळाकडे जाते. ती बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतं. असतं तर दाबलं असतं, खोटं कशाला बोलू?

कावळे आले, घारी आल्या. कुत्री तर आमच्या आधीच हजर होती. दोघे म्हातारे बैलाच्या दोन बाजूंना काठ्या घेऊन बसले. कुत्रं पुढे आलं की हाड् हाड् करत उठायचे, गुडघे धरत परत बसायचे. एकमेकांशी एक अक्षर नाही. ऊन चढलं. मी मोबाइलवर ठिपके बघत होते. ते सगळे डम्पिंगवर होते. सरदारचा ठिपका मात्र माडावर पिल्लाजवळ होता. मग तो हलला. नेहमीसारखा पूर्वेला निघाला, आणि माळाच्या वर आल्यावर गोल फिरायला लागला.

"बाबा," मी म्हणाले, "वर बघा."

तो उतरायला फार वेळ लावत होता. दोघेही हलले नाहीत, कुत्र्यांनाही दबक्या आवाजात हाकलत होते. शेवटी पाय खाली सोडून तो आला, धपकन बसला, इकडेतिकडे पाहून दुडक्या चालीने बैलाकडे गेला. त्याने पहिला लचका तोडला तेव्हा बाबांनी तोंडावर उपरणं धरलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. निमकर मॅडम.

"माळावर पक्षी उतरलाय. तिथे कोण आहे?"

"मी आहे. हिराजी चोगले आहेत. काशीराम मांडवकर आहेत."

"हेमांगी, याचा अर्थ काय होतो ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, मॅडम. बैल तपासलेला आहे, स्वच्छ आहे. तेही लिहून घ्या."

त्यांनी फोन ठेवला. वर आणखी दोन गिधाडं दिसायला लागली. डम्पिंगवरच्या ठिपक्यांपैकी काही आता आमच्या दिशेने होते. मी बाबांना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथेच रडायला लागले असते, आणि मीही.

खालच्या वळणावर धूळ उठली. जीप होती. काशीकाकांनी ती आधी पाहिली. ते माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि मग मान फिरवून थेट पलीकडे बघत म्हणाले, "हिऱ्या, जीप आली रे."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"येऊ दे. त्याचा गळा अजून भरला नाय. तू त्या बाजूची कुत्री बघ."

काशीकाका काठी टेकत उठले आणि कुत्र्यांवर धावले.